फिनलंड आणि स्वीडन : कागद-निर्यातीची तुलना नेमकी कशी करायची? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी या दोन देशांचा कागद आणि पुठ्ठ्याचा व्यापार, १९६० च्या दशकापासून आजवर, असा विषय घेतलाय. जोडी मुद्दाम निवडली. दोन्हीकडे तीच स्प्रूस-पाइनची जंगलं, दोघंही १ जानेवारी १९९५ ला युरोपीय संघात गेले. पण २००५ च्या पुढे आलेखात फिनलंडच्या निर्यातीची रेघ जी उतरणीला लागते, तेवढी स्वीडनची लागत नाही. "लोक मोबाइलवर वाचायला लागले" हे उत्तर आमच्या मॅडम घेत नाहीत. मोबाइल काय फक्त हेलसिंकीतच पोचला?

अडलंय ते असं. कॉमट्रेडवर (संयुक्त राष्ट्रांचा व्यापार-आकड्यांचा साठा) एचएस या मालाच्या वर्गीकरणाचं ४८ वं प्रकरण, म्हणजे कागद-पुठ्ठा, १९८८ च्या मागे जात नाही, त्याआधी एसआयटीसी या जुन्या वर्गीकरणाचा कागदाचा गट ६४ आहे. दोन्ही मालिका सांधू का? दुसरं, आकडे डॉलरमध्ये आहेत आणि १९९२ च्या शरद ऋतूत फिनलंडचा मार्का, स्वीडनचा क्रोना, दोन्ही तरंगते झाले, म्हणजे त्यांचा दर बाजारावर सोडला गेला. मग खाली गेलं ते काय, कागद की चलन? शिवाय २००५ ला फिनलंडमध्ये एक खड्डा दिसतो, त्याचं काय करू?

प्रतिसाद :
कागदाच्या आयातीत बरीच वर्षं आहे, त्यामुळे अर्थशास्त्र कमी आणि गिरण्यांचं जास्त सांगतो.

सांधासांधी नको. कॉमट्रेड नव्या वर्षांचे आकडेही जुन्या एसआयटीसीत बदलून देतं. ६४ च सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवा. चलनाचा घोळ टाळायचा तर टनात मोजा. एफएओकडे (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) १९६१ पासूनचं वजनही आहे आणि किंमतही. फक्त एचएस ४८ ची किंमत एफएओच्या टनांनी भागू नका. ४८ मध्ये खोकी, वह्या, पाकिटं असा तयार मालही येतो, एफएओच्या 'कागद व पुठ्ठा' या गटात मुख्यतः गिरणीतून निघालेला कागद आणि बोर्ड.

२००५ चा खड्डा खरा आहे. मे-जूनमध्ये संप आणि टाळेबंदीत फिनलंडच्या कागद गिरण्या बंद होत्या. २०२२ लाही यूपीएम या फिनिश कागद कंपनीत जानेवारी ते एप्रिल संप झाला. ही वर्षं गाळू नका, पण उताराची सुरुवात २००५ पासून मोजलीत तर फसाल.

आता मूळ प्रश्न. एकूण बेरीज फोडून बघा. फिनलंड छपाईच्या कागदावर, विशेषतः मासिकांच्या कागदावर, फार विसंबून होता. २०२० अखेर कायपोला ही गिरणी बंद झाली आणि फिनलंडमधली न्यूजप्रिंटची, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाची, शेवटची गिरणी गेली. स्वीडनमध्ये पॅकेजिंगचा बोर्ड आणि क्राफ्टचा (पिशव्या-वेष्टनांच्या मजबूत कागदाचा) वाटा मोठा. बोर्डाला मोबाइल मारत नाही, उलट घरपोच खरेदीने खोकी वाढतात. अर्थात स्वीडनही सुटला नाही : २०२१ ला स्टोरा एन्सो कंपनीने फिनलंडची वेइत्सिलुओतो आणि स्वीडनची क्वार्न्सवेडेन, या दोन्ही गिरण्यांतला कागद थांबवला.

प्रतिसाद :
वरच्यांशी सहमत, एक भर. प्रकरण ४७ पण ओढा, म्हणजे लगदा. २०१७ ला अ‍ॅनेकोस्कीत, २०२३ ला केमीत, म्हणजे फिनलंडमध्येच, मेत्सा कंपनीच्या प्रचंड लगदा गिरण्या सुरू झाल्या. तोच झाड कापणारा देश कागदाऐवजी लगदा विकू लागला, तर ४८ मध्ये तो 'घसरला' दिसतो.

धागाकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार! म्हणजे ६४ च्या शेजारी लगद्याची वेगळी रेघ, आणि बोर्ड व छपाईचा कागद निरनिराळे. पण मेत्सा कंपनी फिनिश, तिचं बोर्डाचं यंत्र स्वीडनमध्ये हुसुमला. ते कोणाच्या खात्यात?

प्रतिसाद :
स्वीडनच्या. सीमाशुल्क खातं माल कुठून निघाला ते बघतं, मालक कोण ते नाही. ही गोष्ट तळटीपेत नको, प्रकल्पाच्या मुख्य मजकुरातच लिहा. मॅडम बहुतेक हेच विचारतील.