अकोल्याच्या उन्हात गच्चीवरच्या गुलाबाची फुलं चालू ठेवायची कशी?

गच्चीवाली_अकोला
नमस्कार मंडळी, गच्चीवर कुंड्यांमधे कलमी गुलाब आहेत. फेब्रुवारीपर्यंत मस्त मोठी फुलं यायची, आता पारा ४३ वर गेलाय तर फुलं अगदी बारकी, पाकळ्यांच्या कडा करपलेल्या, काही कळ्या उमलायच्या आधीच वाळतात आणि पानांची टोकंही तपकिरी होतायत. पाणी सकाळ-संध्याकाळ देते, नळ चार-पाच दिवसांनी येतो म्हणून बोअरचंच. शेजारच्या काकू म्हणतात आत्ताच छाटून टाक, नवीन फूट येईल. छाटू का? माझा फार जीव आहे हो या झाडांवर, पावसाळ्यापर्यंत थोडी तरी फुलं हवीत.

वऱ्हाडी_माळी
ताई, आत्ता छाटणी अजिबात नको. आपल्याकडे मोठी छाटणी ऑक्टोबरची. आत्ता पानं गेली की फांद्या उघड्या पडतात आणि उन्हानं भाजतात, कोवळी फूट तर दोन दिवसांत करपते. सुकलेलं फूल तेवढं देठापाशी खुडा, पान एकही काढू नका.

फूल बारकं होणारच, उष्णतेत कळी घाईनं उमलते, पाकळ्यांना भरायला वेळच मिळत नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण पानांची टोकं जळणं म्हणजे मला पाण्याचा संशय आहे. तुमचा भाग खारपाणपट्ट्यात येतो का? पूर्णेच्या खोऱ्यात अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या बऱ्याच गावांत बोअरचं पाणी खारं, आणि कुंडीत पाणी उडून जातं, क्षार तिथेच साचतात. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतोय का बघा. दिसला तर नळ येईल त्या दिवशी खालच्या भोकातून भरपूर पाणी वाहून जाईपर्यंत द्या, क्षार धुऊन निघतील. रोज थोडं थोडं शिंपडल्यानं ते वाढतच जातात. खत महिनाभर बंद, युरिया-डीएपी तर नाहीच.

आणि कुंड्या तापलेल्या स्लॅबवर ठेवू नका, खाली विटा द्या, भोवती ओलं पोतं गुंडाळा, वर पाचट नाहीतर नारळाच्या शेंड्या पसरा. पश्चिमेकडून ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी लावा, सकाळचं ऊन मात्र मिळू द्या, पूर्ण सावलीत गुलाब फुलत नाही.

नर्सरीवाला_नाशिक
वरचं सगळं बरोबर, पण पाकळ्यांच्या कडा तपकिरी आणि कळ्या वाळणं याला फुलकिडेही कारण असू शकतात. पांढऱ्या कागदावर कळी झटका, बारीक लांबट पिवळसर किडे पळताना दिसले तर तेच. अशा कळ्या तोडून पिशवीत बांधून टाका, कुंडीत टाकू नका, निळे चिकट सापळे लावा. पानं मागून खरखरीत, वरून पिवळे ठिपके आणि बारीक जाळी असेल तर लाल कोळी, त्यासाठी सकाळी पानांच्या खालच्या बाजूनं जोरात पाणी मारा. गंधक मात्र या उन्हात मारू नका, ३५ च्या वर पानं जळतात. निंबोळी तेलही सूर्य मावळल्यावरच, आधी एका फांदीवर मारून बघा.

पुढच्या वर्षी झाडं घेताना एकाच मोठ्या फुलाच्या जातींच्या मागे लागू नका. झुपक्यानं फुलणारा पांढरा आइसबर्ग घ्या, १९५८ चा जर्मन गुलाब आहे पण उन्हात एक फूल करपलं तरी बाजूला दुसरं असतंच. आणि आपला गावठी गुलाबी! नाजूक दिसतो पण काटक आहे, वासही तोच खरा.

फिनिक्सकर
मी अ‍ॅरिझोनात फिनिक्सला असतो, जून-जुलैत इथे ४५ नेहमीचंच. जवळच मेसा कम्युनिटी कॉलेजची मोठी गुलाबाची बाग आहे, पण तिथेही बहर एप्रिल आणि नोव्हेंबरच्या आसपासच. उन्हाळ्यात इथले लोक झाड जगवतात, फुलं येतील तेवढी घेतात. मोठी छाटणी जानेवारीत. ताई, उन्हाळ्यात पानं टिकली ना, की मग ऑक्टोबरनंतरची फुलं बघा तुम्ही.

गच्चीवाली_अकोला
कागदावर किडे दिसले!! आणि कुंड्यांना पांढरा थरही आहे. नळ परवा येईल, तेव्हा धुऊन घेते. दादा, वाळलेल्या टोकांची पानं काढू का?

वऱ्हाडी_माळी
नको ताई, अर्धं हिरवं असलं तरी ते काम करतं. पूर्ण वाळलं की आपोआप गळेल. आणि परवाचं पाणी सकाळी ७ च्या आत द्या.