लोणावळा धरणाच्या मेसेजवरून ग्रुपवर झालेली चर्चा

ए-१०३ : काल रात्रीपासून सगळ्या ग्रुपवर तोच व्हॉइस मेसेज फिरतोय. धरण शंभर वर्षांचं झालंय, कधीही फुटेल म्हणे. आपण इंद्रायणीच्या काठावर. सासूबाईंना झोप नाही.

बी-३०२ : ताई, वय खरं आहे, पुढचं अनुमान चुकीचं. मी दुसऱ्या एका धरणावर नोकरी केली, म्हणून लिहितो. लोणावळा, वळवण आणि शिरवता ही टाटांची धरणं. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली ती यांच्या पाण्यावर. हे पाणी मुळात पूर्वेला भीमेकडे जाणारं. ते अडवून डक्टने, म्हणजे बांधलेल्या पाटाने, घाटाच्या कड्यापर्यंत आणि पाइपांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला नेतात.

सी-२०१ : काका, मग सगळंच पाणी खोपोलीला का नाही सोडत? नदीत कशाला?

बी-३०२ : डक्टमध्ये मावेल तेवढंच जाणार. लोणावळा धरणाच्या सांडव्याला, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेला, दरवाजे नाहीत. तलाव भरला की पाणी आपोआप नदीत पडतं. दरवाजा अडकला, वीज गेली, असा धोका त्यामुळे नाही. पण किती सोडायचं हेही कुणाच्या हातात नाही, पाऊस ठरवतो. म्हणून जोराचा पाऊस दिसला की आधीच डक्टमधून पाणी काढून जागा करतात. तलाव भरून वाहणार अशी सूचना आली की नदीकडे जायचं नाही.

ए-१०३ : जुन्या धरणांच्या भिंतीवर पांढरे ओघळ दिसतात, ते काय?

बी-३०२ : दगडी भिंतीतून थोडं पाणी झिरपतंच. सांध्यांतला चुना त्यात विरघळून बाहेर येतो. दुर्लक्ष करायची गोष्ट नाही. चुना जात राहिला की भिंत आतून पोकळ होते, ग्राउटिंग करावं लागतं, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण आत दाबून भरावं लागतं. आम्ही झिरपणारं पाणी व्ही आकाराच्या खाचेतून पाडायचो आणि पट्टी लावून त्याची उंची लिहायचो. तलावाची पातळी तीच आणि खाचेतलं पाणी वाढलं, किंवा गढूळ झालं, तर त्याच दिवशी साहेबांना फोन.

डी-४०४ : पानशेत विसरलात का?

बी-३०२ : कसं विसरेन? १२ जुलै १९६१ ला ते धरण फुटलं. पण पानशेत नवं होतं, मातीचं होतं, कामही पुरं झालेलं नव्हतं. त्याच्या लोंढ्याने खालचं जुनं दगडी खडकवासला फोडलं. त्यामुळे भिंतीच्या वयापेक्षा मला एकच काळजी जास्त : आजच्या ढगफुटीसारख्या पावसाला सांडवा पुरतो का? २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मालकाला पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करावी लागते, आपत्कालीन आराखडा ठेवावा लागतो. मालक खाजगी असला तरी सुटका नाही.

सेक्रेटरी : मग नगरपरिषदेला पत्र देऊ. पूररेषा आपल्या आवारात कुठवर येते आणि भोंगा कुठे आहे, एवढं लेखी मागू.

बी-३०२ : जरूर. आणि मुलांना सांगा, जीव जातात ते वाहत्या पाण्यात उतरून. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली ५ माणसं गेली. तिथे धरणाला काही झालं नव्हतं.

सेक्रेटरी : नाल्याकडच्या पार्किंगमधल्या गाड्या आज संध्याकाळी वर घ्या. पत्राचा मसुदा काका, तुम्ही पाहाल का?

बी-३०२ : पाठवा, रात्रीच पाहतो.