इतिवृत्तात ‘प्रलंबित’ की ‘रखडलेले’?

ब-२०४: सचिवसाहेब, आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा वाचला. ‘मानीव अभिहस्तांतरणाचे काम प्रलंबित आहे’ या वाक्यातील ‘प्रलंबित’ या शब्दाला माझी हरकत आहे. बिल्डरने करून न दिलेली जमीन-इमारतीची मालकी सरकारी आदेशाने संस्थेच्या नावावर करून घेण्याचे हे काम. कागद योग्य ठिकाणी पोहोचून निर्णय यायचा राहिला असेल, तरच तो प्रलंबित म्हणावा. आपला अर्ज तर जिल्हा उपनिबंधकांकडे अजून दाखलच झालेला नाही.

सचिव: काका, ‘रखडले’ असे लिहिल्यास समितीने काहीच केले नाही असा अर्थ निघेल, म्हणून सौम्य शब्द घेतला.

ब-२०४: तसा अर्थ निघत नाही. थकलेला माणूस पाय ओढत रखडत रखडत घरी येतो, म्हणजे तो चालत असतोच. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला आपण वर्षानुवर्षे रखडलेले म्हणतो, कारण ते २०११ च्या सुमारास सुरू झाले आणि तुकड्यातुकड्याने पुढे सरकत राहिले. आपल्याकडेही करारनाम्यांच्या प्रती आणि इंडेक्स-२, म्हणजे त्यांच्या नोंदणीचे उतारे, गोळा झाले आहेत, पण पुढचे पाऊल पडलेले नाही.

अ-१०१: मुलांना मराठी शिकवताना मी ‘खोळंबा’ हा शब्द मुद्दाम वेगळा काढून सांगत असे. गेल्या महिन्यात लिफ्ट बंद होती, तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या आजी भाजीची पिशवी मांडीवर घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर तासभर बसल्या होत्या. दुरुस्ती रखडली होती आणि खोळंबा आजींचा झाला होता. इतिवृत्तात कामाची स्थिती येते, खोळंबलेल्या माणसांची मात्र कुठे नोंद होत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सचिव: मग ‘कामाला खीळ बसली’ असे लिहावे का?

ब-२०४: खीळ बसली म्हटले की ती कशामुळे बसली हे सांगावे लागते. आपले घोडे वास्तुविशारदांच्या दाखल्यापाशी पेंड खात आहे, तर तसेच स्पष्ट लिहावे. १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्याच्या कलम ११ प्रमाणे निर्णयाची सहा महिन्यांची मुदत अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते. ‘प्रलंबित’ वाचून सभासद समजतील की ती मुदत चालू झाली आहे, आणि सगळे वाट पाहत बसतील.

सचिव: मान्य आहे. नवे वाक्य असे ठेवतो: ‘वास्तुविशारदांचा दाखला न मिळाल्यामुळे मानीव अभिहस्तांतरणाचे काम रखडले असून अर्ज अद्याप दाखल झालेला नाही.’

अ-१०१: त्याखाली लिफ्टच्या मुद्द्यात ‘ज्येष्ठ सभासदांचा खोळंबा झाला’ हेही कृपया नोंदवावे.