खरवसात कॉफी चालेल, पण चिकाशिवाय खरवस?

मिरजेची लेक

परवा पुतणीच्या डोहाळजेवणाला गेले होते. जेवणानंतर छोट्या काचेच्या वाट्यांतून खरवस आला, तोही तीन चवींचा. कॉफी, गुलकंद आणि स्ट्रॉबेरी. वर पिस्त्याचे काप, दिसायला अगदी देखणा. मी कॉफीचा उचलला. पहिला चमचा तोंडात गेला आणि कळलं की कॉफी फक्कड जमली आहे, पण हा खरवस नाही. करणारीला विचारलं, तर तिने मोकळेपणाने सांगितलं. कन्डेन्स्ड मिल्कचा एक डबा, तेवढंच घट्ट दही, तेवढंच दूध, सगळं घुसळायचं आणि वाफवायचं. चिकाचा, म्हणजे नुकत्याच व्यालेल्या गाई-म्हशीच्या पहिल्या दुधाचा, एक थेंब नाही.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. माझा राग कॉफीवर नाही, हे आधीच सांगते. चिकात कोणी काय घालावं, याचा हट्ट मी धरणार नाही. पण चीकच काढून टाकला, तर मागे काय उरलं?

आमच्या लहानपणी खरवस ठरवून होत नसे. गल्लीत कुणाची गाय-म्हैस व्याली की दोन-तीन दिवसांत तांब्याभर चीक घरी यायचा. विकत नाही, असाच. तांब्या रिकामा परत द्यायचा नाही, त्यात मूठभर साखर किंवा तांदूळ घालायचे, ही आईची शिस्त. चीक पिवळसर, दाट, बोटाला चिकटणारा. पहिल्या दिवसाचा असेल तर वाटीला तीन वाट्या दूध, दुसऱ्या दिवसाचा असेल तर निम्मं-निम्मं, तिसऱ्या दिवसाचा जवळपास तसाच. पण आई या हिशेबावर विसंबायची नाही. आधी एका छोट्या वाटीत दोन चमचे लावून बघायची. दगडासारखा झाला तर दूध वाढवायचं, डुगडुगला तर चीक. मग किसलेला गूळ, जायफळ, आणि कुकर शिट्टी न लावता. झाकण उघडलं की जो वास यायचा, त्याला दुसरा शब्द नाही, चिकाचाच वास. सुरीने वडी पाडताना ती किंचित दाबली जायची आणि परत वर यायची. दाताखाली हलकीशी करकर.

अंडं नाही, चायना ग्रास नाही, दह्याचं आंबट नाही. नुसत्या वाफेवर जे आपलं आपण घट्ट होतं, ते खरवस. तुम्हाला काय वाटतं?

टोरंटोतली रत्नागिरीकर

ताई, तुमच्या आईची वाटी डोळ्यांसमोर आली. पण मला तुमचं पटलं नाही, आणि जरा लागलंही.

मला इकडे येऊन १४ वर्षं झाली. इथे शेजारी गाय व्यायची नाही. मी दर पाडव्याला तोच डब्यातला खरवस करते, तुम्ही सांगितला तस्साच. वर केशर आणि जायफळ. बाहेर बर्फ वितळत असतो आणि घरात जायफळाचा वास. माझ्या ९ वर्षांच्या मुलीसाठी खरवस म्हणजे हाच. मागच्या वर्षी तिने त्यात मेपल सिरप घातलं, कारण तिच्या जगातला गूळ तोच आहे. तिला मी काय सांगू, तू खातेस त्याला नाव नाही म्हणून?

आणि नावाचंच म्हणाल, तर साबुदाणा घ्या. साबू हे मुळात एका ताडासारख्या झाडाच्या खोडातला गाभा. आपण जो साबुदाणा खातो तो टॅपिओकाच्या कंदाचा, तामिळनाडूत सेलमकडे बनणारा, आणि तो कंद दक्षिण अमेरिकेतून आलेला. वस्तू बदलली, नाव तेच राहिलं. एकादशीला त्याची खिचडी आपण श्रद्धेने खातो, कुणी ताट बाजूला सारत नाही. मग खरवसालाच एवढं कडक सोवळं-ओवळं कशाला?

गोठ्यावरची

पलूसकडे आमच्या सहा गाई आहेत, चार संकरित, दोन खिल्लार. दोघींचंही वाचलं. माझं म्हणणं तिसरंच आहे.

चीक आधी वासराचा. माणसाच्या बाळाला रोगाशी लढायची ताकद थोडीफार आईच्या पोटातच मिळते. वासराला ती मिळत नाही, चिकातूनच मिळते. जन्मल्यावर पहिल्या दोन तासांत पाजला तर उत्तम. एक दिवस उलटला की त्याच्या आतड्यातून ती ताकद अंगात जातच नाही. वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा चीक पोटात जायला हवा. ३० किलोचं वासरू असेल तर ३ लिटर. संकरित गाय देते त्याहून कितीतरी जास्त, तिच्यात उरतं. खिल्लार गाईचा आम्ही पहिल्या दिवशी काढतच नाही, वासरालाच ओढू देतो.

शहरात खरवसाला मागणी वाढली, तेव्हापासून गावात चीक मागत फिरणारे येतात. लिटरला चांगला भाव देतात. भाव ऐकून वासराला साधं दूध पाजणारे मी बघितलेत. मग पंधरा दिवसांत हगवण लागते, आणि वासरू गेलं की देवाची मर्जी म्हणायचं.

म्हणून टोरंटोच्या ताई, तुम्ही डब्यातला करता ते मला चालतं. वासराच्या तोंडचा नाही, एवढं पुरे. पण कॉफी घालणाऱ्यांना सांगते, मिळालाच नशिबाने खरा चीक, तर त्याचा वास मारायला कॉफी कशाला? वास नको असेल तर डबा आहेच की.

भट्टीवरचा

मी पेस्ट्रीचं काम करतो, सध्या पुण्यात. कॉफीचा खरवस गेली तीन वर्षं करतोय, खऱ्या चिकाचा, एका ओळखीच्या गोठ्यातून मिळतो तेव्हाच. त्यामुळे मला उत्तर द्यावंसं वाटतं.

गोठ्यावरच्या काकू, कॉफी वास मारत नाही. चिकाला एक जनावराचा, उबदार वास असतो, तो गुळाबरोबर किंचित कडवट उतरतो. कॉफीचा कडवटपणा त्याच्याशी जुळतो, म्हणून दोन्ही एकत्र कळतात. आज्या जायफळ घालायच्या ते काय वेगळं होतं? जायफळही वास सांभाळायलाच होतं.

पण प्रत्येक चव चालत नाही, हेही मान्य. चिकात साध्या दुधाच्या जवळपास चौपट प्रथिनं असतात, तीच वाफेने गोळा होऊन वडी बांधतात. त्यात आंबट काही गेलं की ती आधीच फाटतात. स्ट्रॉबेरीचा गर मी एकदा आत घालून बघितला. वर रबरासारखा थर, खाली गुलाबी पाणी. अननस कच्चा घातला तर त्याहून वाईट, त्यातला रस दुधाची प्रथिनं तोडतो आणि कडू करतो. श्रीखंडात ताजा अननस घालून दुसऱ्या दिवशी कुणी खाल्लं असेल तर त्यांना ठाऊक असेल. फळं घालायचीच असतील तर शिजवून, आणि वरून. गुलकंदाचंही तसंच, तळाला घातला की साखर पाणी सोडते.

म्हणजे नव्या चवींतल्या अर्ध्याअधिक चवींना चीक स्वतःच नाही म्हणतो. माझ्या हाती चांगल्या उतरल्या त्या तीनच. कॉफी, भाजलेले तीळ, आणि हळदीच्या पानाचा वास. पान डब्याच्या तळाला घालायचं, वर मिश्रण. ही तिसरी मला सगळ्यांत आवडते.

जुना सातारकर

हळदीच्या पानाचं वाचून बरं वाटलं, पण ते नवीन कुठाय? कोकणात पातोळ्या त्याच पानावर होतात.

मला मूळ गोष्टच पटत नाही. खरवस वर्षातून एक-दोनदा मिळायचा, म्हणून त्याचं अप्रूप. आता ‘खरवस कधीही, हव्या त्या चवीत’ असं झालं. एकच चव वर्षातून दोनदा खाल्ली तर तिचा कंटाळा येत नाही. दर आठवड्याला खायची असली, की मग आज कॉफी, उद्या चॉकलेट, परवा बिस्किट. चव बदलावी लागते, कारण आपण वाट बघायचं सोडलं.

भट्टीवरच्या दादांचं कौशल्य मी नाकारत नाही. पण त्यांनी केलेला पदार्थ चांगला आहे, म्हणून तो करायलाच हवा होता असं नाही.

मिरजेची लेक

सातारकर, वाट बघण्याचं तुम्ही बोललात ते माझ्या मनातलं आहे. पण त्या न्यायाने जायफळही काढावं लागेल. ते इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरून आपल्याकडे आलं, कुणीतरी पहिल्यांदा ते चिकात किसलं, आणि तेव्हाही कुणीतरी नाक मुरडलंच असणार. बाहेरून आलेलं म्हणून मी कशालाच अडवणार नाही.

टोरंटोच्या ताई, साबुदाण्याचं उदाहरण बिनतोड आहे, दोन दिवस मी त्यावर अडकले. मग एक सुचलं. साबुदाण्यात आपण मूळ वस्तू कधी चाखलीच नव्हती. तुमच्या-माझ्या जिभेवर तरी साबूच्या झाडाचा गाभा नाही. खरवसाचं तसं नाही. तुम्हाला खरी चव ठाऊक आहे, मलाही आहे. ती ठाऊक असणारी माणसं अजून आहेत, तोवर दोन्हींना एकच नाव दिलं तर पुढची पिढी शोधायलाही जाणार नाही. ‘खाल्लाय की खरवस’ म्हणेल आणि तिथेच संपेल.

बेळगावचा

आमच्या घरी मराठी आणि कानडी दोन्ही. कानडीत याला गिण्णू, तेलुगूत जुन्नू, गुजरातीत बळी. इतक्या भाषांत वेगळा शब्द आहे तो चिकाच्याच पदार्थाला. दही-डब्याच्या मिश्रणाला बंगालीत ‘भापा दोई’ म्हणतात, म्हणजे वाफवलेलं दही, आणि तेही अप्रतिम लागतं. त्याला त्याच्याच नावाने हाक मारा, कुणाचंच बिघडत नाही.

म्हापशेकर

हेच म्हणणार होतो. गोव्यात दूध-अंड्याचं कॅरामेल पुडिंग घरोघरी होतं, दिसायला खरवसाचं सख्खं भावंड. पण त्याला कुणी खरवस म्हणत नाही, आणि त्याने त्याचा मान कमी झालेला नाही. आमच्या बेबिंकेला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अंड्याचा बलक, नारळाचं दूध, एकेक थर वरून विस्तव देऊन भाजायचा, मग पुढचा ओतायचा, अर्धा दिवस जातो. आता चॉकलेटची बेबिंकाही मिळते. थर एकेक करून भाजले असतील तर मी ती आनंदाने खातो. एकाच साच्यात ओतून रंगाने पट्टे काढलेले असतील तर नाही.

टोरंटोतली रत्नागिरीकर

सगळ्यांचं वाचलं. ‘भापा दोई’ म्हणा, हे बेळगावच्या दादांचं बरोबर असेलही, पण मला ते जमणार नाही. मी बंगाली नाही. मी पाडव्याला कुकर लावते तेव्हा माझ्या डोक्यात रत्नागिरीचं स्वयंपाकघर असतं, आजीच्या हातातली पितळी वाटी असते. पदार्थात चीक नाही हे मला ठाऊक आहे. पण ज्या आठवणीसाठी मी तो करते, तिचं नाव खरवसच आहे. ते तुम्ही माझ्याकडून काढून घेऊ नका.

मिरजेच्या ताईंचं एक मात्र मी करणार. मुलीला सांगणार की हा चिकाशिवायचा आहे. खरा कसा लागतो ते तिला अजून ठाऊक नाही. डिसेंबरात आम्ही येतोय, बघू.

मिरजेची लेक

ताई, ‘चिकाशिवायचा खरवस’ एवढं म्हणणार असाल तर माझं भांडणच नाही. माझं भांडण त्या काचेच्या वाटीशी होतं, जिच्यावर काहीच म्हटलेलं नव्हतं. आणि दुकानदारांशी आहे, जे पाटीवर ठळक ‘खरवस’ लिहितात आणि विचारलं तर दूध पावडरीचा म्हणून सांगतात. घरातल्या कुकरशी मला काही करायचं नाही.

भट्टीवरचे दादा, हळदीच्या पानाचं प्रमाण सांगाल का?

भट्टीवरचा

पाव लिटर पहिल्या दिवसाचा चीक, पाऊण लिटर दूध, पाव किलो गूळ. गूळ दुधात गरम करून विरघळवू नका, दूध फाटतं. गार दुधातच कालवा आणि गाळून घ्या. हळदीचं एक मोठं पान पुसून, मधली शीर चेचून तळाला. वर मिश्रण, डब्यावर झाकण, कुकरमध्ये शिट्टी न लावता मंद आचेवर २५ मिनिटं. आच मोठी झाली तर जाळी पडते. काही घरांत जाळीचाच आवडतो, ती तुमची मर्जी. पान श्रावण-भाद्रपदात ताजं मिळतं, एरवी नाद करू नका, वाळलेल्याला वास नसतो.

कॉफीसाठी एवढ्याच मिश्रणाला फिल्टर कॉफीचं घट्ट डिकॉक्शन अर्धी वाटी, आणि तेवढं दूध कमी. इन्स्टंट पावडर नको.

जुना सातारकर

पान मान्य. कॉफी नाही.

गोठ्यावरची

मिरजेच्या ताई, आमची मोठी संकरित गाय श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात व्यायची आहे. वासरू पोटभर प्यालं की दुसऱ्या दिवसाचा उरेल तो तुम्हाला देते. दुसऱ्या दिवसाचा आहे, तेव्हा चीक-दूध निम्मं-निम्मंच घ्या, दादांनी सांगितलं तेवढं दूध नको. हळदही परसात आहे, पान तोडून देईन. वेळ मी आदल्या दिवशी कळवते. येताना स्टीलचा डबा आणा, प्लास्टिकचा नको, वास धरतो.