उन्हाळा सरल्यावरही संकरित गाई गाभण का राहत नाहीत?

प्रश्न (सांगोला तालुका):
माझ्याकडे चार संकरित होल्स्टिन गाई असून गोठ्याचा पत्रा जेमतेम आठ फुटांवर आहे. एप्रिल-मेमध्ये प्रत्येक गाईचे दूध दिवसाला चार-पाच लिटरने उतरले, फॅट घसरली आणि सकाळी दहापासूनच गाई गव्हाणीकडे पाठ फिरवून धापा टाकत उभ्या राहू लागल्या. हे उन्हामुळे झाले, एवढे मला समजते. परंतु जूनमध्ये पाऊस होऊन हवा थंडावल्यावरही, ऑगस्टपर्यंत दोन गाई तीन-तीन वेळा भरवूनही (रेतन करूनही) उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या. खनिज मिश्रण नियमित चालू आहे. वडिलांच्या खिलार गाईंना याच उन्हात असा त्रास झाल्याचे मला आठवत नाही.

उत्तर (पशुवैद्यक, लातूर):
प्रथम दोन्ही गाईंच्या गर्भाशयाची तपासणी करून घ्यावी, कारण संसर्ग असल्यास पुढचे सारे उपाय वाया जातात. तपासणीत दोष न आढळल्यास कारण मे महिन्यातच शोधावे लागेल. ज्या बीजापासून गर्भ राहायचा असतो ते माजापूर्वी अनेक आठवडे अंडाशयात वाढत असते. त्या काळात गाईचे शरीर तापले, तर बीज दुबळे राहते आणि त्याचा फटका दीड-दोन महिन्यांनी, म्हणजे हवा थंड झाल्यावर दिसतो.

फॅटचेही असेच आहे. धाप लागलेली गाय रवंथ कमी करते, तिची लाळ तोंडावाटे गळून जाते, त्यामुळे पोटातील आम्लता आवरणारा क्षार कमी पडतो. शिवाय ती वैरण टाळून खुराकच खाते. या दोन्हींमुळे फॅट घसरते. म्हणून उन्हाळ्यात पशुवैद्यकाच्या सल्ल्याने खुराकात खाण्याचा सोडा देतात आणि वैरण पहाटे व रात्री टाकतात. खिलारीची तुलना मात्र येथे लागू पडत नाही: तिचे दूध थोडे असल्याने शरीरात निर्माण होणारी उष्णताही थोडी असते, आणि तिची कातडी व घामाच्या ग्रंथी ती उष्णता बाहेर टाकण्यास समर्थ असतात.

उत्तर (कुडाळ):
केवळ तापमापकावर विसंबू नये, असे मी आग्रहाने सांगेन. कोरड्या व ओल्या (बुडाला ओले फडके गुंडाळलेल्या) तापमापकांच्या सेल्सिअस अंशांची बेरीज 0.72 ने गुणून त्यात 40.6 मिळवल्यास जो निर्देशांक येतो, तो 72 च्या वर गेला की होल्स्टिन गाईवर ताण सुरू होतो. आपल्याकडे सांगोल्यात 38 आणि 24 अंश असतील तर तो सुमारे 85 येतो. आमच्याकडे दमट हवेत 33 आणि 28 अंशांनाही जवळजवळ तेवढाच येतो. त्यामुळे येथे बंद गोठ्यात नुसते फॉगर (बारीक तुषार उडवणारी यंत्रे) लावल्यास ओलावा वाढून गाय अधिकच गुदमरते. आपल्या कोरड्या हवेत ती अडचण कमी आहे. तरीही पाणी कातडीपर्यंत मुरेल एवढे मारून ते पंख्याच्या वाऱ्याने सुकू द्यावे आणि मगच पुन्हा मारावे.

उत्तर (संगमनेर):
मी पंख्यांवर खर्च करण्याआधी पत्र्यावर उसाचे पाचट टाकले, बाहेरून चुना मारला आणि दावण सोडून गाई मुक्त संचार गोठ्यात मोकळ्या केल्या. रात्री त्या उघड्यावर बसू लागल्या, हा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण दिवसभर साठलेली उष्णता रात्री बाहेर पडली नाही तर गाय दुसरा दिवस तापलेल्या अंगानेच सुरू करते. पाण्याची टाकी सावलीत हवी. दुभती गाय कडक उन्हाळ्यात दिवसाला 100 लिटरपर्यंत पाणी पिते आणि तापलेल्या पाण्यापासून तोंड फिरवते.

प्रश्नकर्ता:
आमची टाकी दिवसभर उन्हात असते आणि गाई रात्रीही पत्र्याखालीच बांधलेल्या असतात. तपासणी या आठवड्यातच करून घेतो. कुंपणासाठी जागा आहे, मात्र झाड एकच, शेवग्याचे. तेव्हा सावलीसाठी शेडनेट किती उंचीवर बांधावी, हे संगमनेरच्या बंधूंनी कृपया कळवावे.