रात्री दीडला उठायचं की नाही? (आणि फोटो नक्की कुणी 'दाबले'?)

स्वातीनक्षत्र
सूर्यमालेबाहेरून आलेल्या ३आय/ॲटलास या धूमकेतूबद्दल परवा शंकासुर यांनी लिहिलं: 'नासाने ३आय/ॲटलासचे फोटो दीड महिना दाबून ठेवलेत. १९ नोव्हेंबरला जगाला हादरा बसणार. साधा धूमकेतू असता तर एवढी लपवाछपवी कशाला?' तिथेच दोन ओळींत उत्तर द्यायचं होतं, मावेना. त्यात काल लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "अगं, १९ च्या आत सिलिंडर भरून घेऊ का?" तेव्हा डोकंच फिरलं. म्हणून हा वेगळा धागा.

फोटो कुणी दाबले नाहीत. ऑफिसला कुलूप होतं. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ अमेरिकी सरकारचं कामकाज बजेटच्या भांडणात बंद होतं. मंगळाभोवती फिरणाऱ्या नासाच्या एमआरओ यानाने फोटो काढला २ ऑक्टोबरला. कॅमेरा कामावर, प्रसिद्धीवाले घरी. युरोपच्या अंतराळ संस्थेला टाळेबंदी नव्हती, त्यांच्या यानाने ३ तारखेला काढलेले फोटो ७ ऑक्टोबरला जाहीर झाले. पाहिलेत? पांढरा पुंजका. कुणी फॉरवर्ड केले नाहीत, कारण पुंजक्याची भीती वाटत नाही.

आता एमआरओच्या फोटोतही काय दिसणार ते आधीच सांगते, गणित पाचवीचं आहे. तो कॅमेरा मंगळाच्या जमिनीपासून साधारण ३०० किलोमीटरवरून फोटो काढतो, तेव्हा एका ठिपक्यात ३० सेंटीमीटर मावतात. ॲटलास होता सुमारे ३ कोटी किलोमीटरवर, म्हणजे एक लाख पट लांब. ३० सेंटीमीटर गुणिले एक लाख म्हणजे ३० किलोमीटर. एका ठिपक्यात सीएसएमटी ते ठाणे! आणि हबल दुर्बिणीच्या जुलैमधल्या फोटोवरून त्याचं केंद्रक, म्हणजे आतला घट्ट गोळा, जास्तीत जास्त ५.६ किलोमीटर. कुर्ल्याला बसलेला माणूस त्या ठिपक्यात शोधा बघू.

आणखी एक. 'रेडिओ संदेश मिळाला' म्हणून जे फिरतंय ते दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट रेडिओ दुर्बिणीचं निरीक्षण. तिथे दिसल्या हायड्रॉक्सिलच्या खुणा. पाण्याचा रेणू उन्हात तुटला की ते तयार होतं. धूमकेतू तापल्याची निशाणी आहे, कुणाचा फोन आलेला नाही.

रविवारी पहाटे वांगणीला आकाशदर्शनात आठ इंची दुर्बिणीतून मी स्वतः पाहिला. कन्या राशीत. राखाडी डाग, थेट बघितलं तर नाहीसा होतो, नजर जरा बाजूला ठेवली तर दिसतो. आठ जणांतल्या तिघांना दिसलाच नाही.

नासाची पत्रकार परिषद आपल्याकडे १९ ची मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे २० ला रात्री दीडला आहे. मी जागणार. धूमकेतूच निघणार. पैज मिसळीची.

उगाच
मिसळ कुठली? त्यावर वेगळा धागा लागेल.

शंकासुर
स्वातीताई, गणित छान. पण मी खगोलाबद्दल बोललो नव्हतो, विश्वासाबद्दल बोललो होतो.

१९९६ च्या ऑगस्टमध्ये क्लिंटनसाहेब स्वतः हिरवळीवर येऊन मंगळाच्या दगडातल्या जीवाबद्दल बोलले. अंटार्क्टिकावर सापडलेली उल्का होती ती. मी तेव्हा कात्रण काढून वहीत चिकटवलं. पुढे काय झालं ते त्या वहीत चिकटवायला कुणी बातमीच दिली नाही. २०१० ला नासाने आधी निमंत्रण काढलं, म्हणे परग्रहावरच्या जीवसृष्टीच्या शोधावर परिणाम करणारं काहीतरी सांगणार आहोत. जगभर बोंब, एलियन सापडला. २ डिसेंबरला निघालं काय, तर कॅलिफोर्नियातल्या मोनो तलावातला जंतू, जो फॉस्फरसऐवजी आर्सेनिकवर जगतो. तेही २०१२ पर्यंत इतरांनी तपासून खोडून काढलं. आणि शोधनिबंध रद्द कधी? २०२५ च्या जुलैत! साडेचौदा वर्षं! त्या दिवशी कुठली पत्रकार परिषद झाली? कुणी रात्री दीडला उठलं?

वाजवायची वेळ आली की ढोलताशा, आणि माघार घेताना मांजराची पावलं. मग लोकांनी संशय घेतला की लोक अडाणी.

डॉपलर
आर्सेनिकचा आणि लपवाछपवीचा काय संबंध? उलट तिथे घाईने सगळं सांगितलं गेलं! आणि निबंध नियतकालिकाने मागे घेतला, लेखकांना ते आजही मान्य नाही. विज्ञान असंच चुकत सुधारत चालतं, हे ज्यांना शाळेत शिकवलं गेलं नाही त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. लायगोचं घ्या, गुरुत्वीय लहरी टिपणारी अमेरिकेतली यंत्रणा. पहिली लहर सापडली १४ सप्टेंबर २०१५ ला. पाच महिने तपासत बसले, ११ फेब्रुवारी २०१६ ला सांगितलं. मधल्या काळात अफवा होत्याच आणि त्या खऱ्या निघाल्या. तेव्हा तुम्ही 'दाबून ठेवलं' म्हणालात का?

शंकासुर
म्युनिकात बसून शाळा काढू नका साहेब. माझी शाळा कुठली ते ऐका.

जुलै १९७९, मी सातवीत. स्कायलॅब पडणार म्हणून रेडिओवर रोज बातम्या. सांगणारे सांगत होते, माणसावर पडण्याची शक्यता नगण्य. आमच्या वाडीत 'नगण्य' हा शब्द कुणाला कळला नाही, 'पडणार' एवढं कळलं. आजीने हिशेब केला: मरायचंच आहे तर कोंबड्या कुणासाठी ठेवायच्या? नऊ कोंबड्या होत्या. चार दिवस सागोती. वडे. मी आयुष्यात इतकं कधी खाल्लं नव्हतं. ११ तारखेला ती पडली ऑस्ट्रेलियात. १२ ला सकाळी आजी रिकाम्या खुराड्यासमोर बसून होती, पाऊस पडत होता, आणि ती काही बोलत नव्हती. पुढचं वर्षभर आमच्याकडे अंडं विकत आणलं.

तर सांगणाऱ्याने नीट सांगायला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

स्वातीनक्षत्र
आजीचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण काका, आजच्या घडीला 'पडणार' एवढंच सांगणारा रेडिओ तुम्हीच झालात ना! चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा सिलिंडर तुमच्या पोस्टमुळे.

बांधावरून
मला एक कळत नाही. ३ कोटी किलोमीटरवरचा दगड दिसतो. एप्रिलमध्ये पेपरात होतं, १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी ग्रहाच्या हवेत कुठला वायू आहे ते कळलं. आणि माझ्या रानात संध्याकाळी काय पडणार ते कळत नाही. सप्टेंबरात सोयाबीन काढणीला आलेलं, चार दिवस पाण्यात. शेंगांना झाडावरच कोंब. अंदाजात काय होतं? 'तुरळक ठिकाणी'. माझं रान म्हणजे तुरळक ठिकाण. (धाराशिव)

डॉपलर
हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ढग अनिश्चित असतो, कक्षा नसते.

बांधावरून
ते मला कळतं दादा. पैसा वेगळा नसतो, एवढंच म्हणतोय.

उगाच
के२-१८बी वर तरी पाऊस वेळेवर पडतो का?

स्वातीनक्षत्र
भाऊ, तुमच्या नुकसानीपुढे काय बोलणार. के२-१८बी बद्दल मात्र सांगते, तिथे 'कळलं' नव्हतं. केंब्रिजच्या मधुसूदन यांच्या गटाला डायमिथिल सल्फाइडची (पृथ्वीवर हा वायू मुख्यतः सजीवांमुळे तयार होतो) चाहूल लागली, तीही तीन सिग्मावर; सिग्मा म्हणजे खात्री मोजायचं माप. पक्क्या शोधाला पाच लागतात. इतरांनी तीच निरीक्षणं पुन्हा तपासली तर त्यांना तेवढंही दिसेना. आपल्याकडे मथळा आला 'जीवसृष्टी सापडली'. निम्मी वाट मथळे लावतात.

शुद्धलेखन्या
मथळ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून. 'मंगळावर सेंद्रिय पदार्थ सापडले' हे किती वेळा छापणार? २०१८ ला क्युरिऑसिटीच्या वेळीही तेच. आमच्या आत्याने विचारलं होतं, "तिथे शेती कोण करतं रे?" तिचं काय चुकलं? बाजारात सेंद्रिय गूळ, सेंद्रिय हळद. मूळ शब्द स + इंद्रिय, म्हणजे इंद्रियं असलेला. मंगळावरच्या चिखलदगडातल्या कार्बनच्या साखळीला कुठली इंद्रियं? दहावीच्या पुस्तकात केव्हाच 'कार्बनी संयुगे' आलं आहे. वार्ताहर दहावी झालेले नसतात काय?

डॉपलर
म्हणूनच मी म्हणतो ऑरगॅनिक म्हणा आणि मोकळे व्हा. मराठीत विज्ञान ओढूनताणून कशाला?

शुद्धलेखन्या
आलात मुद्द्यावर! इंग्रजीत 'ऑरगॅनिक' म्हटलं की गोंधळ होत नाही? तिथल्या दुकानात ऑरगॅनिक केळी नसतात? गोंधळ शब्दाचा आहे, भाषेचा नाही. स्वतः मराठी शाळेत शिकून वर जायचं आणि शिडी काढून घ्यायची, ही तुमच्या पिढीची जुनी खोड.

डॉपलर
मी सेमी-इंग्रजीत होतो. वैयक्तिक होऊ नका.

शंकासुर
'शाळेत शिकवलं गेलं नाही' हे वैयक्तिक नव्हतं वाटतं.

अनघा_सांगली
मी रसायनशास्त्र शिकवते. 'कार्बनी' मुलांना लगेच कळतं. पण कार्बन डायऑक्साइडमध्येही कार्बन आहे, मग तो कार्बनी का नाही, हे वर्गात दरवर्षी एक तरी पोरगं विचारतं. कुठलाही शब्द घ्या, पाच मिनिटं समजावावंच लागतं. शब्द बदलून ती पाच मिनिटं वाचत नाहीत.

बांधावरून
आमच्याकडे माती परीक्षणाचा कागद येतो त्यावर छापलेलं असतं: सेंद्रिय कर्ब ०.३५ टक्के. दोन्ही शब्द एकाच ओळीत. शेणखत घातलं की तो वाढतो, पाचट जाळलं की कमी होतो. आमच्यातल्या अंगठेबहाद्दरालाही ठाऊक आहे की कर्ब म्हणजे जीव नव्हे, जिवाने मागे टाकलेलं. मंगळावर कर्ब सापडला म्हणा, सगळ्या गावाला कळेल.

शुद्धलेखन्या
कर्ब. हा शब्द कसा सुचला नाही. मात्र मंगळावरचा जिवानेच मागे टाकला आहे हे अजून ठरायचंय, तेवढी दुरुस्ती. बाकी मान्य, नाइलाजाने.

अनघा_सांगली
शुद्धलेखन्यांनी काहीतरी मान्य केलं! १९ तारखेची वाट कशाला बघायची, जगाला हादरा बसला.

हिंगोलीकर
कुणी लायगोचं नाव घेतलं म्हणून आलो. घोषणेची वाट बघणं म्हणजे काय ते आम्हाला विचारा. २०१६ च्या फेब्रुवारीत लहर जाहीर झाली आणि त्याच महिन्यात लायगो-इंडियाला तत्त्वतः मंजुरी. पूर्ण मंजुरी एप्रिल २०२३, २६०० कोटी. औंढ्याजवळ चार-चार किलोमीटरचे दोन बाहू होणार. आमच्या मेव्हण्याने २०१६ लाच रस्त्याकडेला चहाचं हॉटेल टाकायला गाळा बघून ठेवला. मुलगी तेव्हा बालवाडीत होती, आता आठवीत आहे. गाळा अजून बघूनच ठेवलाय.

डॉपलर
असे प्रकल्प एवढा वेळ घेतात.

हिंगोलीकर
मेव्हण्याला तसंच सांगतो. तो म्हणेल, तत्त्वतः चहा पी.

शंकासुर
उद्या मध्यरात्री बघू. हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ आवी लोब, 'हे परग्रहावरचं यान असू शकतं' म्हणतात ते, उगाच बोलतात असं मला वाटत नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

डॉपलर
लोब स्वतःच म्हणतात की तो नैसर्गिक असण्याचीच शक्यता जास्त. तेवढी ओळ फॉरवर्डमध्ये कापलेली असते.

उगाच (२० नोव्हेंबर, रात्री २:१०)
पुंजका.

स्वातीनक्षत्र
सुरुवातीलाच नासाचे अधिकारी अमित क्षत्रिय यांनी सांगून टाकलं: हा धूमकेतू आहे. मग फोटो, वेगवेगळ्या यानांचे. एमआरओचा तर अगदी गणितातला, मधे उजळ, कडेला विरघळलेला. इकडे माउंट अबूच्या १.२ मीटर दुर्बिणीतूनही गेल्या आठवड्यात पाहिला गेलाय, तिथेही नेहमीच्या धूमकेतूंसारख्याच वायूंच्या रेषा. काका, मिसळ.

शंकासुर
देतो. तर्रीसकट देतो. पण एक प्रश्न. त्यांनी सुरुवातीलाच अफवांचा विषय काढला ना? मी जागा होतो, ऐकलं. म्हणजे आमच्यासारख्यांनी कावकाव केली नसती तर तुमच्या पुंजक्यासाठी एवढी मोठी परिषद भरली असती का? बोरिसोव्ह २०१९ ला आला, तोही बाहेरचाच. तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या काकूंना नाव तरी माहीत होतं?

स्वातीनक्षत्र
नव्हतं. हे तुमचं बरोबर आहे आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही. काकूंनी आज सकाळी विचारलं, "दिसला का गं?" मी पुढच्या वेळी वांगणीला चला म्हटलं. त्या येतायत, सिलिंडर भरून झालाय.

डॉपलर
म्हणजे अफवा पसरवणं आता विज्ञानप्रसार झाला. धन्य आहे.

बांधावरून
मी पण दीडला जागाच होतो. या आठवड्यात आमच्याकडे लाइट रात्रीची, हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. मोटार चालू करून बांधावर बसलो आणि मोबाइलवर लावलं. रेंज गेली तेव्हा क्षत्रिय बोलत होते, रेंज आली तेव्हा संपलं होतं. वर बघितलं. तुमचा तो कन्या राशीतला कुठे असतो?

स्वातीनक्षत्र
पहाटे पाचच्या सुमारास पूर्वेला, चित्रा नक्षत्राच्या वरच्या बाजूला. पण भाऊ, नुसत्या डोळ्यांना नाही दिसायचा. १९ डिसेंबरला सगळ्यात जवळ येईल तेव्हाही २७ कोटी किलोमीटर.

बांधावरून
चित्रा तर दिसते. पाच वाजता तशीही लाइट जाते.

शुद्धलेखन्या
शीर्षकात 'ॲटलास' नाही म्हणून वाचलात. उच्चार 'ॲटलस' असा आहे.