‘औषधांना दाद न देणारा’ की ‘औषधप्रतिरोधक’?

मधुमालती
क्षयरुग्णांच्या घरच्यांसाठी असलेलं एक चार पानी पत्रक मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलंय. मूळ मजकुरात दर दुसऱ्या ओळीला ‘ड्रग रेझिस्टंट टीबी’ आहे. मी लिहिलं, ‘औषधांना दाद न देणारा क्षयरोग’. तपासणाऱ्या बाईंनी ते सगळीकडे खोडून ‘औषधप्रतिरोधक क्षयरोग’ केलं आणि समासात शेरा मारला : ‘दाद देणे हे बोलीतले, शिवाय दाद म्हणजे वाहवा.’

सरकारी कागदांत ‘प्रतिरोधी’ असतं हे ठाऊक आहे. पण माझी अडचण ऐका. मसुदा घेऊन मी एका क्षयकेंद्राबाहेर गेले होते. बाकावर एक मावशी बसल्या होत्या, मुलगा आत होता. त्यांना वाचून दाखवायला लागले. ‘जंतूंमध्ये औषधांविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण झाली आहे’ हे वाक्य आलं आणि त्यांचा चेहरा एकदम निवळला. म्हणाल्या, ‘प्रतिकारशक्ती वाढली ना? मग आता बरा होईल तो.’ ‘जंतूंमध्ये’ हा शब्द कानावरून गेला, ‘प्रतिकारशक्ती’ तेवढी राहिली. करोनात दोन वर्षं घराघरात काढे उकळले ते याच शब्दासाठी. तो वाईट अर्थाने असू शकतो हे त्यांना कसं कळावं? त्यांना खरं काय ते सांगताना माझ्या घशाशी आलं.

तर, काय लिहू?

धातुसाधित
‘प्रतिकारशक्ती’ इथे नकोच, ती शरीराची. पण ‘रोध’ धातूत काहीही गैर नाही. जलरोधक कापड पाण्याला आत येऊ देत नाही, गतिरोधक गती अडवतो, शाळेत विद्युतरोध शिकतोच. तसा औषधाला अडवणारा तो औषधरोधी जंतू. मधला ‘प्रति’ गाळा, त्यामुळेच प्रतिकार, प्रतिबंध, प्रतिरोध यांचं कडबोळं होतं.

‘दाद न देणारा’ ही संज्ञा नव्हे, वाक्प्रचार आहे. त्यातून पुढचे शब्द घडत नाहीत. ‘बहुऔषधरोधी’ म्हणता येतं. ‘अनेक औषधांना दाद न देणाऱ्याचे प्रमाण’ असं तक्त्याच्या मथळ्यात कसं लिहिणार? भाषेला शास्त्र पेलायचं असेल तर असे शब्द घडवावेच लागतील, ते कानाला सुरुवातीला परके वाटले तरी.

दप्तरखाना
दाद म्हणजे वाहवा, हे अर्धंच खरं. दाद हा फारसी शब्द, मूळ अर्थ न्याय. दाद मागणे, दाद लागणे, दादफिर्याद ही सगळी त्याचीच पिलावळ. फिर्यादीचं गाऱ्हाणं ऐकून त्याची दखल घेणं म्हणजे दाद देणं. गाण्याला दाद देतो तेव्हाही गवयाला त्याचं न्याय्य माप पदरात घालतो, असं मी धरतो. या हिशेबाने औषधाला दाद न देणारा जंतू म्हणजे औषधाची फिर्याद दाखलच करून न घेणारा. याहून नेमकं काय हवं? तुमच्या तपासनीस बाईंना हे जरूर कळवा.

काळी_माती
मी यवतमाळकडचा, कापूसवाला. आमच्याकडे ‘प्रतिकारक’ म्हटलं की माणूस खूश होतो. तांबेरा-प्रतिकारक गहू, मर-प्रतिकारक तूर, असं बियाण्याच्या पिशवीवरच छापलेलं असतं. त्या मावशींची चूक नाही.

आणि फवाऱ्यालाही आम्ही औषधच म्हणतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीची बोंडं आतून पोखरली. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत सरकी खाल्लेली आणि रुई पिवळी पडलेली. झाडातच तयार होणाऱ्या ज्या विषासाठी बीटीचं बियाणं महाग घेत होतो, ते तिने पचवलं होतं. तेव्हा गावात कुणी ‘प्रतिरोध’ म्हणालं नाही. म्हणाले, ‘अळी जुमानत नाही.’ ‘जुमानणे’ घ्या. औषधाला न जुमानणारा टीबी. लहान पोरालाही कळेल.

दूरचा_तालुका
चौदा वर्षं क्षयरोगाच्या कामात आहे, रुग्णांच्या घरी जाऊन गोळ्यांचा हिशेब बघतो. शब्द कुठलाही घ्या, पण कर्ता जंतू राहू द्या, एवढी कळकळीची विनंती. सगळ्यात घातक वाक्य आहे ‘शरीराला औषधाची सवय झाली’. हे मी सुशिक्षित घरांतही ऐकतो. सवय झाली असं वाटलं की माणूस स्वतःच गोळ्यांना सुट्टी देतो, सवय मोडायला!

शरीराला सवय वगैरे काही होत नाही. फुप्फुसातल्या कोट्यवधी जंतूंत एखाददुसरा असा असतोच, ज्याच्यावर अमुक एक औषध चालत नाही. एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात आणि त्याला रान मोकळं मिळतं. म्हणून आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, एथॅम्ब्युटॉल अशी चार एकत्र सुरू करतात : एकाच्या तावडीतून सुटला तर दुसऱ्याने गाठावा. पहिली दोन निकामी झाली की तो एमडीआर, म्हणजे ‘मल्टी ड्रग रेझिस्टंट’. रिफाम्पिसिन चालेल की नाही ते नमुना तपासणारं सीबीनॅट यंत्र दोनेक तासांत सांगतं. जगातल्या क्षयरुग्णांपैकी चौथा हिस्सा आपल्या देशात आहे, त्यामुळे हा शब्द कोशात नाही, ओसरीवर लागतो.

ओसरीवर मी काय म्हणतो? ‘एमडीआर’. आणि तोंड कोरं दिसलं की ‘बिघडलेला टीबी’.

काळी_माती
@दूरचा_तालुका, अगदी हेच अळीचं. एकेका अळीला सवय लागत नाही. वाचलेल्या अळ्यांची पिलावळ वाढते. म्हणून बियाण्यासोबत साध्या कपाशीची पुडी द्यायचे, कडेने लावायला. साध्या अळ्या तिथे जगाव्यात आणि त्यांची वाचलेल्यांशी सरमिसळ होऊन पुढची पिलावळ विषाला जुमानणारी निघावी म्हणून. पण ते कुणी नीट समजावलं नाही आणि आम्ही पुड्या बांधावर फेकल्या.

रात्रपाळी
‘बिघडलेला’ लिहू नका. कृपा करून.

मला २०१४ मध्ये एमडीआर झाला. त्याआधी आयुष्यात टीबीची एक गोळी घेतली नव्हती, तर चुकवायची कुठून? मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत पाच जणी राहायचो, एकच खिडकी, तीही पलीकडच्या भिंतीवर उघडणारी. मला थेट तसलाच जंतू हवेतून मिळाला. तरी ‘बिघडलेला’ ऐकलं की समोरचा पहिला प्रश्न विचारायचा : ‘गोळ्या बुडवल्या होत्यास ना?’ नातेवाइकांनी विचारलं, तपासणाऱ्यांनी विचारलं, शेवटी मीच स्वतःला विचारायला लागले. बिघडलं म्हटलं की बिघडवणारा शोधतात.

वीस महिने औषधं घेतली. त्यातले पहिले कित्येक महिने रोज इंजेक्शन, कधी या बाजूला कधी त्या, बसता यायचं नाही. डावा कान तेव्हापासून गुणगुणतो. आता बेडाक्विलिन हे नवं औषध असलेला चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार आलाय, इंजेक्शनाशिवाय. आपल्याकडे २०२४ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा ती बातमी मी तीनदा वाचली.

तेव्हाच्या कार्डांवर मध्येच उपचार थांबलेल्याला ‘डिफॉल्टर’ म्हणायचे. कर्जबुडव्याला म्हणतात तो शब्द. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच तो काढून टाकला होता, पण लोकांच्या तोंडातून जायला किती वर्षं लागली! टीबीची शंका असलेल्याला म्हणायचे तो ‘सस्पेक्ट’ही तेव्हाच काढला. आपल्या ‘संशयित’मध्ये पोलीस ठाण्याचा वास येतोच की.

दूरचा_तालुका
ताई, यापुढे ‘बिघडलेला’ म्हणणार नाही. आजपासून.

धातुसाधित
रात्रपाळी, तुमचं लिहिणं वाचून मी बराच वेळ थांबलो. ‘बिघडलेला’ बाद, यावर वाद नाही.

पण माझा मुद्दा त्यानेच बळकट होतो. सैल शब्द इजा करतात. २०१२ च्या जानेवारीत मुंबईतल्या चार रुग्णांसाठी ‘टोटली ड्रग रेझिस्टंट’ हा शब्द वर्तमानपत्रांत आला. आपल्या छापखान्यांनी त्याचं ‘कोणत्याही औषधाने बरा न होणारा टीबी’ करून टाकलं. केंद्र सरकारने संज्ञेला हरकत घेतली, मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीतही हा शब्द वापरू नये असंच ठरलं. कारण सगळ्या औषधांची चाचणी खात्रीलायक होत नाही आणि नवी औषधं येऊ घातली होती. डॉक्टरांनी धोक्याची घंटा वाजवली ते योग्यच होतं. पण ‘टोटली’ या एका शब्दाने किती घरांत आशा सोडली गेली असेल! म्हणून म्हणतो, ‘दाद न देणारा’मध्येही तोच धोका आहे. कशालाच दाद देत नाही असं वाटतं. ‘रिफाम्पिसिनरोधी’ म्हटलं की बाकीची औषधं उरतात.

मधुमालती
हे मात्र पटलं. ‘नेहमीच्या औषधांना दाद न देणारा’ केलं तर? ‘नेहमीच्या’मुळे दार उघडं राहतं.

दप्तरखाना
‘नेहमीच्या औषधांची मात्रा न चालणारा’ही होईल. मात्रा म्हणजे वैद्याची उगाळून चाटवायची मात्रा, तिच्यावरूनच ‘त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही’ आलं. म्हणजे हा वाक्प्रचार मुळात औषधाचाच! आपण शतकभर तो माणसांसाठी वापरला, आता रोगाकडे परत नेऊ.

अवांतर : हिंदीत दाद म्हणजे गजकर्ण, संस्कृत ‘दद्रु’वरून. फारसी दादशी संबंध नाही. पण सध्या गजकर्णही औषधांना दाद देत नाही. दुकानातून स्टेरॉइड मिसळलेली मलमं चोपडतात, खाज थांबते, बुरशी पसरते, आणि टर्बिनाफिन हे बुरशीवरचं औषधही चालत नाही. आमच्या घरात तिघांना आठ महिने होतं.

मांडवी
गोव्यातून लिहिते, प्रयोगशाळेत काम करते. सीबीनॅटचा उल्लेख झाला म्हणून सांगते, ट्रूनॅट हे छोटं यंत्र आमच्या गोव्यातल्या कंपनीचं. बॅटरीवर चालतं, म्हणून वीज जाणाऱ्या गावातही नेता येतं.

पण मधुमालती, तुम्ही रोगाच्या नावावर इतकं अडलाय, पत्रकात नमुन्याला काय म्हटलंय? ‘थुंकी’ असेल तर आधी ते बदला. लोक खरंच थुंकी आणतात! डबीत पाण्यासारखी लाळ, वर फेस. त्यात जंतू सापडला नाही म्हणजे टीबी नाही असं नव्हे. छातीतला घट्ट, पिवळसर बेडका लागतो.

मधुमालती
आत्ता मोजलं. तिसऱ्या पानावर ‘थुंकीचा नमुना’ सात वेळा आहे. मी पहिल्यांदा ‘बेडका’च लिहिलं होतं, तोही ‘ग्राम्य’ म्हणून खोडला गेला.

धातुसाधित
‘कफ’ चालेल. संस्कृत आहे आणि सर्वांना कळतो.

दूरचा_तालुका
कफ म्हटलं की लोक नाक शिंकरून आणतात, सर, मी पाहिलंय. सर्दीचाही कफच ना.

काळी_माती
आमच्याकडे बेडकाच. ग्राम्य कसला, माझी आजी म्हणायची, डॉक्टरही म्हणायचे.

रात्रपाळी
मला पहिल्या दोन डब्या परत दिल्या होत्या. तिसऱ्या वेळी तिथल्या मदतनीस बाईंनी नाव काहीच घेतलं नाही. म्हणाल्या, ‘पहाटे उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भर. उघड्यावर जा, घरात नको. दोनदा खोल श्वास घे, आणि पोटातून खोकला काढ. तोंडात जे येईल ते नको, छातीतून येईल ते.’ पत्रकात हेच लिहिता येणार नाही का?